वज्र गिळणारी देवी आणि झ्यूसचे चोरीला गेलेले स्नायू

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत गेलं आणि तिथून डावीकडे वळलं की थोड्या वेळात वज्रेश्वरी येतं. तालुका भिवंडी, नदी तानसा. गावाचं जुनं नाव वडवली, आणि देवीला जुनी माणसं वज्राबाई म्हणतात. रविवारी इथे येणाऱ्यांपैकी निम्मे देवीसाठी येतात आणि निम्मे अकलोली-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी. बहुतेकजण दोन्ही उरकून, मिसळ खाऊन परत जातात. देवीच्या नावाचा अर्थ विचारला तर कुणीही सांगेल: वज्राची ईश्वरी. पण हे नाव जरा थांबून पाहिलं तर अवघड आहे. वज्र हे इंद्राचं शस्त्र. त्याने ते वापरून वृत्र नावाचा महासर्प मारला, ही ऋग्वेदातली सगळ्यात मोठी घटना. मग इंद्राचं वज्र एका देवीच्या ताब्यात कसं गेलं? आणि तेही भिवंडी तालुक्यात?

स्थानिक कथा दोन आहेत. पहिलीत कलिकाल नावाचा (काहीजण कालिकुट म्हणतात) राक्षस वडवलीच्या परिसरात ऋषींना छळत होता. वसिष्ठांनी देवीसाठी यज्ञ मांडला, पण त्यात इंद्राला आहुती द्यायची राहिली. इंद्र चिडला आणि त्याने यज्ञावरच वज्र फेकलं. ऋषींनी धावा केला, देवी प्रकट झाली आणि तिने ते वज्र गिळून टाकलं. इंद्राचा गर्व उतरला, राक्षसही मारले गेले. दुसऱ्या कथेत वज्र राक्षसावरच फेकलं जातं. देवांनी टाकलेली सगळी शस्त्रं तो खाऊन टाकतो, शेवटी इंद्र वज्र फेकतो तर राक्षस त्याचेही तुकडे करतो. त्या तुकड्यांमधून देवी उभी राहते आणि त्याला मारते.

दोन्ही कथांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. ज्या शस्त्राने वृत्र मेला, ते इथे चालत नाही. एका कथेत ते चुकीच्या माणसांवर उगारलं जातं आणि दुसऱ्यात ते मोडतं. स्थलपुराणांमध्ये इंद्राची फजिती नेहमीचीच, गोवर्धनापासून अहल्येपर्यंत. पण त्याच्या हातातलं वज्रच काढून घेणारी आणि त्यावरून नाव मिळवणारी देवी हा प्रकार वेगळा आहे. वीज हातात असलेल्या देवाचं शस्त्र निकामी होतं, ही कल्पना मला आधी दुसरीकडे भेटली होती, ग्रीकांच्या टायफॉनच्या कथेत.

टायफॉनची कथा आपल्याकडे सहसा हेसिअडच्या पद्धतीने सांगितली जाते. इसवी सनापूर्वी सुमारे ७०० च्या आसपास हेसिअडने देवांची वंशावळ रचली. तीत पृथ्वी आणि टार्टारस, म्हणजे पाताळ, यांच्यापासून टायफॉन जन्मतो. त्याच्या खांद्यांवर सापांची शंभर डोकी, डोळ्यांतून आग, आणि त्या शंभर तोंडांतून बैलाचे, सिंहाचे, कुत्र्याच्या पिलांचे असे सगळे आवाज येतात. झ्यूस उठतो, वीज फेकतो, डोकी जाळतो आणि त्याला पाताळात ढकलतो. प्रकरण संपतं. त्यात झ्यूसला एक ओरखडाही येत नाही.

ही अधिकृत आवृत्ती झाली. पुढे कित्येक शतकांनी अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथात जी आवृत्ती येते ती अशी साफसुथरी नाही. तिथे टायफॉन स्वर्गावर चाल करून येतो तेव्हा देव इजिप्तला पळून जातात आणि प्राण्यांची रूपं घेऊन लपतात. झ्यूस एकटा लढतो. लांबून वीज फेकतो, जवळ आल्यावर कोयत्याने वार करतो. टायफॉन जखमी झालाय असं वाटून झ्यूस त्याच्याशी झटापट करायला जातो आणि तिथेच फसतो. टायफॉन त्याला वेटोळ्यांमध्ये धरतो, त्याच्याच हातातला कोयता हिसकावून घेतो आणि झ्यूसच्या हातापायांचे स्नायू कापून काढतो. देवांचा राजा लोळागोळा होऊन पडतो. टायफॉन त्याला खांद्यावर टाकून समुद्रापलीकडे किलिकियात नेतो, एका गुहेत ठेवतो, स्नायू अस्वलाच्या कातड्यात गुंडाळून लपवतो आणि राखणीला डेल्फीनी नावाची अर्धी बाई, अर्धी सर्पिणी बसवतो. हर्मीस आणि एजिपान हे दोघे ते स्नायू चोरून परत आणतात आणि गुपचूप झ्यूसला बसवतात. मग पुन्हा पाठलाग. थ्रेसमध्ये एका डोंगरावर टायफॉनचं इतकं रक्त सांडतं की त्या डोंगराला हायमस नाव पडतं, कारण ग्रीकमध्ये रक्ताला ‘हायमा’ म्हणतात. शेवटी झ्यूस त्याच्यावर सिसिलीतला एटना पर्वतच टाकतो. एटनातून आजही जी आग येते ती त्या विजांची, असं अपोलोडोरस म्हणतो. पिंडारने तर इसवी सनापूर्वी ४७० मध्ये एटनाच्या राजासाठी रचलेल्या स्तोत्रात डोंगराखाली दबलेल्या टायफॉनला ज्वालामुखीचं कारणच करून टाकलं होतं.

आता तानसेच्या काठावर परत येऊ. वज्रेश्वरीच्या परिसरातल्या कुंडांचं पाणी गरम का, याचं गावातलं उत्तर असं, की देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त आहे. नदीच्या पात्रातून, दगडांच्या फटींतून वर येतं म्हणून ते ऊन. भूगर्भशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला, इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि कोकणपट्टीतल्या प्रस्तरभंगांतून वर येतं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरीपर्यंत अशा झऱ्यांची रांग आहे. पण खालून येणारं काहीतरी गरम दिसलं की त्याखाली कुणीतरी पुरलेलं आहे असं वाटणं, हे सिसिलीतल्या आणि वडवलीतल्या माणसाला सारखंच सुचलं. हायमस डोंगराचं रक्त आणि अकलोलीचं रक्त यांच्यात सांगणाऱ्यांची ओळख असायची गरज नाही.

तरीही ओळख होती का, हा प्रश्न या भागात राहणाऱ्याला टाळता येत नाही. कारण ग्रीक बोलणारी माणसं खरोखरच इथल्या खाडीत येत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे खलाशांचं मार्गदर्शक पुस्तक सुप्पारा आणि कल्लिएना ही बंदरं नावानिशी सांगतं, म्हणजे सोपारा आणि कल्याण. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असा इशाराही त्यात आहे. त्या काळातला बंदरांचा तंटा तो. कल्याणहून निघालेली उल्हास नदी भिवंडीला वळसा घालून ठाणे, वसईकडे जाते. वसईच्या खाडीच्या उत्तरेला सोपारा. म्हणजे या दोन बंदरांच्या मधला पट्टा तो आपला. पलीकडे घाटावर, कार्ल्याच्या लेण्यात, धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांची नावं कोरलेली आहेत. यांच्यातल्या कुणी टायफॉनची गोष्ट इथल्या धक्क्यावर सांगितली नसेल असं म्हणवत नाही.

पण सांगितली, असंही म्हणता येत नाही. आणि मला ती वाट पसंतही नाही. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की एकीने दुसरीला उसनं दिलं असं म्हणण्याची आपल्याला घाई असते, आणि त्यातही उसनं देणारे आपण असावं अशी इच्छा. अभ्यासकांनी या साम्याचा माग बराच मागे नेला आहे. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक जाडजूड पुस्तक याच एका विषयावर लिहिलं. सर्प मारणं हे सांगताना वैदिक कवी ‘हन्’ धातू आणि ‘अहि’ हे नाम शेजारी ठेवतात. ग्रीकांचा ‘फोनॉस’ म्हणजे वध हा त्याच ‘हन्’च्या मुळाचा, आणि ‘ओफिस’ म्हणजे साप हा ‘अहि’चा नातेवाईक, असं त्याचं म्हणणं. शब्दांची जोडीच वारशाने आली, मग त्याभोवती प्रत्येकाने आपापला सर्प उभा केला. शस्त्र गमावलेल्या देवाचा धागा मात्र जवळच्या शेजाऱ्याकडे जातो. अनातोलियातल्या हित्ती लोकांच्या मातीच्या पाट्यांवर इल्लुयांका नावाच्या सर्पाची गोष्ट आहे. तो वादळाच्या देवाला हरवून त्याचं काळीज आणि डोळे काढून घेतो, आणि देवाला ते कपटाने परत मिळवावे लागतात. झ्यूसचे स्नायू जिथे लपवले ते किलिकिया तिथूनच जवळ.

म्हणजे हेसिअडने जे लपवलं ते जुनंच होतं. वीज फेकणारा देव सुरुवातीपासून हरण्याच्या बेतात असलेला होता. सर्प मेला हे गोष्टीचं वरचं टोक झालं. तिच्या पोटात दोन भित्या होत्या: शस्त्र हातचं जाईल ही एक, आणि मारल्यावर आपलं काय होईल ही दुसरी.

दुसरी भीती पाहायची तर डेल्फीला जावं लागतं. तिथे एका झऱ्याजवळ एक सर्पिणी राहत होती. होमरच्या नावे असलेल्या अपोलोस्तोत्रात तिला नावही नाही. टायफॉनला लहानपणी तिनेच वाढवलं, एवढी ओळख. अपोलो तिला बाणाने मारतो आणि तिचं प्रेत उन्हात कुजायला सोडतो. कुजणं या ग्रीक क्रियापदावरून त्या जागेला पायथो नाव पडतं. पुढच्या कथांमध्ये सर्पिणीचा सर्प होतो आणि त्याचं नाव पायथन. (तेच नाव पुढे युरोपीय प्राणिशास्त्रात आपल्या अजगराला मिळालं.) आता गंमत बघा. अपोलोने जागा जिंकली, सर्प मारला, मंदिर बांधलं. पण तिथे भविष्य सांगणाऱ्या बाईला पायथिया म्हणायचे, देवाचं बिरुद पायथियन अपोलो, चार वर्षांनी भरणारे खेळ पायथियन. ते खेळ मुळात मेलेल्या सर्पाच्या अंत्यविधीसाठी सुरू झाले अशी समजूत होती. त्या खेळांत संगीताचीही स्पर्धा असे. आर्गोसचा सकादास हा अव्लोस वाजवणारा, आपल्या सनईसारखं जोडपाव्याचं वाद्य, त्याने अपोलो आणि सर्पाची झुंज वाद्यावर वाजवून बक्षीस घेतल्याची नोंद आहे. त्या प्रकारच्या रचनेत मरणाऱ्या सर्पाचे आवाजही वाजवून दाखवत. ज्याला मारलं त्याच्याच नावाचा घोष तिथे हजार वर्षं चालला.

आणि देवाला प्रायश्चित्त. रक्त सांडल्याचा विटाळ अपोलोलाही लागला, त्याला शुद्ध होण्यासाठी उत्तरेत टेंपेच्या दरीपर्यंत जावं लागलं. आठ वर्षांतून एकदा डेल्फीत हे सगळं करून दाखवत. एक मुलगा देवाच्या जागी, एका झोपडीला आग लावायची, मागे न पाहता पळायचं, टेंपेला जाऊन शुद्ध व्हायचं आणि लॉरेलची फांदी घेऊन परतायचं. प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी होता, त्यामुळे त्याने याबद्दल लिहिलं आहे, आणि ती झोपडी सर्पाच्या बिळासारखी दिसत नाही अशी कुरकुरही केली आहे. पुजाऱ्याने आपल्याच उत्सवाच्या कथेवर शंका घ्यावी हे मला फार आवडतं.

थीब्ज वसवणाऱ्या कॅडमसने झऱ्यावरचा एरीसचा सर्प मारला. त्यासाठी त्याने आठ वर्षं एरीसची चाकरी केली, आणि म्हातारपणी तो स्वतःच सर्प झाला. हेराक्लीस देव नव्हे, निदान तेव्हा तरी नव्हता. त्याने लेर्नाच्या दलदलीतली हायड्रा मारली, तिच्या विषात आपले बाण बुडवले, आणि बऱ्याच वर्षांनी तेच विष एका अंगरख्यातून त्याच्या अंगाला लागलं. मरण त्याला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

इंद्राचंही तसंच. वृत्रवधाच्या ऋग्वेदातल्या मुख्य सूक्तात सगळा जयघोष आहे. सर्प मेला, अडवलेलं पाणी हंबरणाऱ्या गायींसारखं धावत सुटलं, वगैरे. पण शेवटाकडे कवी अचानक विचारतो की हे इंद्रा, सर्पाचा सूड घ्यायला आलेला असा कोण तुला दिसला, की तू मारल्यानंतर घाबरून नव्याण्णव नद्या ओलांडून पळालास? उत्तर दिलेलं नाही. पुढे महाभारताने ते दिलं. उद्योगपर्वात वृत्राशी करार झालेला असतो, इंद्र तो मोडतो, संध्याकाळी फेसाच्या आडून त्याला मारतो, आणि मग पापाच्या ओझ्याने पाण्यात, कमळाच्या देठात लपून बसतो. राज्य रिकामं. देव नहुषाला इंद्र करतात. नहुष माजतो, ऋषींना पालखीला जुंपतो, अगस्त्यांना लाथ मारतो आणि शापाने अजगर होतो. सर्प मारणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला माणूस सर्प होतो. कॅडमसची गोष्ट माहीत असलेल्याला इथे दचकायला होईल.

हे सगळं मनात ठेवून आपल्या पट्ट्यात परत यावं, कारण इथे या जुन्या गोष्टीचं जे झालं ते वज्रेश्वरीपुरतं नाही.

सोपाऱ्याचा पूर्ण हा व्यापारी बुद्धाचा शिष्य झाला. त्याची संस्कृत कथा ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात आहे. तीत बुद्ध सोपाऱ्याला येतात. कृष्ण आणि गौतमक हे दोन नागराज समुद्रात राहतात. बुद्ध आलेत हे कळल्यावर ते पाचशे नद्या निर्माण करून आपल्या परिवारासह शहराकडे निघतात. भक्तीने येत असले तरी ते आले तर शहराचं काही खरं नाही. चढत्या भरतीला आलेला पाऊस ज्याने इथे पाहिला आहे त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. कथा कुठल्याही दुसऱ्या हातात पडती तर इथे एक वीर धनुष्य उचलता. बुद्ध उठून त्यांनाच भेटायला जातात. उपदेश होतो. मग अडचण वेगळीच येते: प्रत्येक नागाला वाटतं, बुद्धांनी माझ्याच नदीचं पाणी प्यावं. एकाचं प्यावं तर बाकीचे दुखावतील. बुद्ध मौद्गल्यायनाला सांगतात, पाचशे नद्या जिथे मिळतात तिथलं पाणी पात्रात भरून आण. सर्प आणि पाणी यांची तीच जुनी जोडी, आणि प्रश्न सुटतो तो एका पात्राने. याच सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये स्तूपाचे अवशेष आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तेव्हा कथेतलं शहर कागदापुरतं नव्हतं.

दुसरं उदाहरण भिवंडीच्या आणखी जवळचं. नवव्या ते तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. अंबरनाथचं १०६० मधलं शिवालय त्यांचं. भिवंडी तालुक्यात लोनाडला त्या काळातल्या मंदिराचे अवशेष आहेत, आणि जवळच चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख. राजघराणी आपला मूळ पुरुष चंद्र, सूर्य, निदान एखादा राक्षस मारणारा वीर निवडतात. शिलाहारांनी निवडला जीमूतवाहन. हा विद्याधरांचा राजपुत्र. गरुडाशी नागांचा करार होता, रोज एक नाग त्याच्या जेवणासाठी शिळेवर पाठवायचा. एक दिवस शंखचूडाची पाळी आली, त्याची आई रडत होती. जीमूतवाहनाने तांबडं वस्त्र पांघरलं आणि त्याच्या जागी स्वतः शिळेवर जाऊन पडला. गरुडाने त्याला फाडायला सुरुवात केली, भक्ष्य ओरडत का नाही हे त्याला कळेना. खरं कळल्यावर गरुड खजील झाला आणि त्याने नाग खाणं सोडलं. हर्षवर्धनाचं ‘नागानंद’ हे नाटक याच कथेवर आहे. शिळेवरचा आहार तो शिलाहार, अशी या नावाची उपपत्ती त्या कथेवरूनच लावली गेली. व्युत्पत्तीशास्त्राला ती पटेल न पटेल. यांच्या ताम्रपटांत जीमूतवाहनाचं नाव अभिमानाने येतं आणि निशाणावर मात्र सोन्याचा गरुड. सापाला वाचवणारा पूर्वज, सापाला खाणारा ध्वज. राजकारणात दोन्ही लागत असावेत.

इथे एक मोह होतो. ग्रीकांनी सर्प मारले, आपण वाचवले, असं म्हणून टाळ्या घेता येतात. ते खोटं ठरेल. खांडववन जाळताना तक्षकाच्या बायकोला अर्जुनाने बाणाने मारलं, जनमेजयाने तर नागांचा वंशच यज्ञात टाकायला काढला होता; तो आस्तिकाने थांबवला, पण तोवर किती जळले याची मोजदाद नाही. आणि ग्रीकांनीही सर्पाला फक्त मारलं नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर राखणदार साप असल्याची समजूत होती, त्याला मधाची पोळी ठेवत. अपोलोचाच मुलगा ॲस्क्लेपिअस, त्याच्या काठीला साप. औषधाच्या दुकानांच्या पाट्यांवर तो अजून आहे. नागपंचमीला आपल्याकडे जी कहाणी सांगतात तिची सुरुवातच हत्येने होते: शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिलं चुकून मरतात, ती सूड घेत सुटते, आणि शेवटी शेतकऱ्याच्या लेकीने काढलेल्या चित्राला दाखवलेला दुधाचा नैवेद्य पाहून शांत होते. पिलं परत येत नाहीत, कहाणीही तसं म्हणत नाही. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, चिरत-कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. दरवर्षी एक दिवस हत्यारं खाली, इतकाच तो तह.

वज्रेश्वरीचं आजचं मंदिरही शांततेतून आलेलं नाही. देवीचं आधीचं स्थान गुंज-काटीला होतं आणि पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर ती वडवलीला आली, अशी परंपरा. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस केला की किल्ला पडला तर देवीचं मंदिर बांधीन. मे महिन्यात किल्ला पडला. मराठ्यांची हजारो माणसं त्या तटाखाली कामी आली होती. मंदिराला किल्ल्यासारखा कोट आहे, बुरूज आहेत, वर नगारखाना, आणि चढायला बावन्न पायऱ्या. विजयाचं स्मारक कसं असावं याचा तो नमुना आहे. चिमाजी अप्पा स्वतः पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात गेले. देवीच्या कथेत इंद्राचं शस्त्र गिळलेलं, आणि तिचं देऊळ शस्त्राने मिळवलेल्या विजयातून आलेलं, यात भाविकांना काही विसंगत वाटत नाही. मला वाटतं, आणि तरी ते खटकत नाही. इथल्या लोकांना सततची लढाई माहीत होती, तिच्यात ज्याचं शस्त्र चालतं तो देव आणि ज्याचं थांबवता येतं ती देवी, दोघांचीही गरज त्यांना पडली.

डेल्फीतही हेच झालं होतं. इसवी सनापूर्वी ४७९ मध्ये प्लाटियाला इराण्यांचा पराभव झाल्यावर ग्रीक शहरांनी लुटीच्या दशांशातून अपोलोला एक नवस फेडला. काशाचा खांब, एकमेकांत पिळलेले तीन साप, त्यांच्या डोक्यांवर सोन्याची तिवई. वेटोळ्यांवर लढलेल्या एकतीस शहरांची नावं कोरली. सर्पहंत्या देवाला धन्यवाद द्यायचे तर सर्पच उभे केले. सोनं पुढच्याच शतकात फोकियन सेनापतींनी लढाईच्या खर्चासाठी काढून नेलं. खांब कॉन्स्टंटाइनने आपल्या राजधानीत हलवला. तो इस्तंबूलला घोड्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानात अजून उभा आहे, डोकी मात्र गेली.

राहता राहिलं पाणी. दामोदर कोसंबींनी वृत्रकथेचा अर्थ लावताना राक्षस बाजूला ठेवला. वृत्र म्हणजे अडवणारा. सिंधूखोऱ्यातल्या शेतीसाठी घातलेले बांध आर्यांनी फोडले, त्याची ती आठवण, असं त्यांचं प्रतिपादन. सगळ्यांना ते मान्य नाही, आणि ऋग्वेदातलं डोंगरावर पहुडलेलं धूड एवढ्या सरळ अर्थात बसतही नाही. पण प्रश्न कोसंबींनी बरोबर विचारला: पाणी कुणाचं अडलं होतं आणि सुटलं ते कुणासाठी? लेर्नाची हायड्रा झऱ्यावर, डेल्फीची सर्पिणी झऱ्यावर, कॅडमसचा सर्प झऱ्यावर. त्यांना मारणारा तिथे पाणी प्यायला किंवा वसाहत करायला आलेला असतो. आधीपासून त्या पाण्याशी जो होता तो सर्प. वसाहतीची गोष्ट नंतर आलेला सांगतो, म्हणून ती वधाची होते. सोपाऱ्याच्या कथेत पाण्याजवळचे नागच आपापली नदी घेऊन पुढे येतात, हा मला तिचा सगळ्यात मोठा वेगळेपणा वाटतो.

वज्रेश्वरीच्या वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, तानसेवर १८९२ मध्ये धरण पुरं झालं. पाणी मुंबईला. माणसापेक्षा उंच नळ भिवंडी तालुक्यातून जातात. ज्या गावांच्या शिवारातून ते जातात तिथे उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. वृत्र कुणाला म्हणायचं हे रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारावं. धरणाच्या खाली, नदीच्या पात्रातल्या दगडांतून राक्षसाचं रक्त म्हणून जे वर येतं, तेवढं मात्र त्या नळांत जात नाही. त्यात सकाळी गावातली माणसं अंघोळ करतात.